चेहऱ्याची खरी साक्ष

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य सीमेवर, गुजरातच्या डांग मुलखाला लागून असलेला सुरगाणा तालुका स्वातंत्र्यापूर्वी एक लहानसे संस्थान होता. आज महाराष्ट्र त्याला ओळखतो तो नागली-वरईच्या उतारावरील शेतांमुळे, हातगडाच्या किल्ल्यामुळे, अलीकडे तेथे रुजलेल्या स्ट्रॉबेरीमुळे आणि २०१८ साली वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या आदिवासी शेतकऱ्यांमुळे. अशा तालुक्यातील एखाद्या कोकणा वा वारली घरातील मुलीने किंवा मुलाने मॉडेलिंगची इच्छा बोलून दाखविली, तर वडीलधाऱ्यांना चिंता वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु त्या इच्छेत अप्रतिष्ठेचे काही नाही. चिंतेचे खरे स्थान अन्यत्र आहे. या व्यवसायाचे पहिले साधन जो पोर्टफोलिओ, त्याविषयीच्या अज्ञानावर शहरात अनेकांचा चरितार्थ चालतो आणि त्याची किंमत बहुधा गरिबाच्या घरातून वसूल होते.

पोर्टफोलिओ म्हणजे निवडक छायाचित्रांचा असा संग्रह, की जो पाहून जाहिरात करणाऱ्याने, कापडाच्या व्यापाऱ्याने किंवा मासिकाच्या संपादकाने ही व्यक्ती आपल्या कामास योग्य आहे की नाही याचा निर्णय करावा. पाहणाऱ्यास वेळ थोडा असतो, म्हणून दहा-बारा उत्तम चित्रे पन्नास साधारण चित्रांपेक्षा अधिक मोलाची ठरतात. त्यांत रंगभूषेविना समोरून घेतलेला चेहरा, दोन्ही बाजूंनी घेतलेला चेहरा, नखशिखान्त उभी आकृती, एक मोकळे हास्य, चालण्यातील एखादी सहज हालचाल, एक साधा पोशाख आणि एक पारंपरिक पोशाख एवढे असले म्हणजे पुष्कळ झाले. सोबत उंची, छाती-कंबर-नितंबांची मापे, पादत्राणाचा क्रमांक, वय आणि अवगत भाषा यांचा खरा तपशील हवा. उंची दोन इंच वाढवून लिहिणारा उमेदवार पहिल्याच भेटीत विश्वास गमावतो.

मराठी माणसाला हे क्षेत्र नवे नाही. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या लीला चिटणीस या त्या जाहिरातीतील पहिल्या भारतीय अभिनेत्री होत. पुढे नागपूरच्या मधु सप्रे मैदानी खेळांतून आणि मिलिंद सोमण जलतरणातून या व्यवसायात आले. १९९२ साली विश्वसुंदरी स्पर्धेत सप्रे यांनी तिसरे स्थान मिळविले. जाहिरातक्षेत्रातून छायाचित्रणाकडे वळलेले गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी ‘चेहरे’ या आपल्या ग्रंथाला जे नाव दिले, तोच त्यांच्या साऱ्या कलेचा विषय होता. सप्रे, सोमण आणि राजाध्यक्ष यांच्या उदाहरणांतून एक गोष्ट निःसंशय दिसते, ती ही की खेळाने घडलेले शरीर, संयमित प्रकाश आणि मनुष्याची स्वतःची मुद्रा यांपुढे भाड्याने आणलेल्या भरजरी वस्त्रांचे महत्त्व गौण ठरते.

येथे वर्णाचा प्रश्न येतो आणि तो सुरगाण्याच्या मुलांस विशेष जाचतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून प्रकाश ठरवितो. त्यामुळे सावळ्या व्यक्तीस पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे उभे केले की तो प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मग छायाचित्रकार संगणकावर तो चेहरा उजळ करतो आणि त्वचेचे तेज जाऊन तिथे राखेसारखी छटा उरते. उपाय सोपा आहे. प्रकाश चेहऱ्यावरून मोजावा आणि पार्श्वभूमी मध्यम छटेची घ्यावी. गावातील घराची मातीने लिंपलेली भिंत त्यासाठी शहरातील महागड्या पडद्याइतकीच उपयुक्त आहे. ऊन थेट अंगावर न घेता सकाळी पडवीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून उभे राहावे. मोबाइल चेहऱ्याशी आणल्यास नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, म्हणून चित्र घेणाऱ्याने निदान दोन मीटर दूर राहावे. प्राथमिक निवडीस पाठवावयाची साधी चित्रे अशा रीतीने, फारसा खर्च न करता, गावातच निघू शकतात. सावळा रंग कमीपणाचा ठरविणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जाहिरातक्षेत्रातील स्वनियमन संस्थेने २०१४ साली मार्गदर्शक नियम केले आणि २०२० साली एका सुप्रसिद्ध क्रीमला आपल्या नावातील गोरेपणाचा उल्लेख वगळावा लागला. बदलाची गती मंद असली तरी दिशा स्पष्ट आहे. अशा वेळी स्वतःचा वर्ण खोडून काढणारा उमेदवार आपले वैशिष्ट्यच गमावतो.

आता व्यवहाराची बाजू. विश्वासार्ह एजन्सी काम मिळवून देते आणि मिळालेल्या मोबदल्यातून ठरलेले कमिशन घेते. नोंदणी, प्रशिक्षण किंवा ‘आमच्याच स्टुडिओत पोर्टफोलिओ’ अशा निमित्ताने आगाऊ रक्कम मागणाऱ्या इसमापासून दूर राहणेच इष्ट. छायाचित्रकाराशी व्यवहार करताना किती चित्रे, किती मुदतीत, कोणत्या रकमेस आणि कोणत्या उपयोगासाठी, हे करारनाम्यात लिहून पावती घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, उलट करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचाच असतो; छायाचित्रकाराने स्वतःहून फुकट काढलेल्या चित्रावर मात्र त्याचा हक्क राहतो. म्हणून सहीपूर्वी प्रत्येक कलम वाचावे, समजले नाही तर जाणत्याकडून वाचून घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही; त्याच्यासाठी पालकांनी व्यवहार करावा आणि चित्रीकरणाच्या जागी स्वतः हजर राहावे. ज्या पोशाखास मन कचरते त्यास नकार देण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, आणि त्या नकाराने जे काम जाते ते जाण्याच्याच योग्यतेचे असते. ऑनलाइन पैसे फसवून घेतले गेल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सुरगाण्यातील पालकांना आणि शिक्षकांना म्हणून एवढेच सांगावेसे वाटते, की मुलांची ही इच्छा हसण्यावारी नेऊ नका आणि तिच्यासाठी कर्जही काढू नका. शिक्षण चालू ठेवून, गावातल्याच उजेडात काढलेली चार खरी चित्रे घेऊन, दस्तऐवज वाचण्याची सवय लावून त्यांना पुढे पाठवा. मागणारास चेहरा पसंत पडला तर काम मिळेल, न पडला तर घरची रक्कम घरीच राहील.