एरंडेल प्यायलेला खांब

परवा माहेरी, अकोल्याला गेले होते. मागच्या बोळातल्या व्यायामशाळेतून ठाकठूक ऐकू आली म्हणून डोकावले, तर दोघं जण मल्लखांबाच्या बुडाशी खणत होते. खांब काढून तिथे जिमची मशिनं बसवायची होती.

"हे लाकूड आता कोन्या कामाचं, ताई?" तिथले काका म्हणाले. "जुना सागवान हाय. मिस्त्री चांगले पैसे देऊन रायला."

मैत्रिणींनो, मला एकदम कसंसंच झालं. लहानपणी नागपंचमीला आम्ही दाराशी उभ्या राहून मुलांच्या कसरती बघायचो. एकदा गुपचूप खांबाला हात लावला, तर आजी ओरडली, "अवं, पोरीच्या जातीनं खांबाले हात लावाचा नसते!" हात दिवसभर एरंडेलाचा वास मारत होता.

वर बोंड, खाली मान, मग अंग. जमिनीवर साधारण साडेआठ फूट, वर जाईल तसा निमुळता. तेल पिऊन आणि पोरांच्या मांड्यांनी घासून काळा तुकतुकीत झालेला. नवा खांब विकत मिळेल, पण ती तुकतुकी कुठून आणणार?

आपल्या अमरावतीचंच बघा ना. वैद्य बंधूंनी १९१४ साली छोटासा आखाडा काढला, त्याचंच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. तिथल्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ परदेशी लोकांना करून दाखवले. वऱ्हाडातली मंडळी, त्या काळी, बोटीनं! मला तर याचं अजून नवल वाटतं.

तिकडे इंग्लंडात ग्रेट यारमथ गावच्या मैदानावर प्रेक्षकांना बसायला १८९२ साली बांधलेली लाकडी गॅलरी आहे. ना राजवाडा, ना देऊळ, नुसत्या फळ्या नि खांब. तरी सरकारनं ती वारसा म्हणून यादीत घेतली. आपल्याकडे वारसा म्हटलं की गाविलगड नाहीतर नरनाळा. रोजच्या घामाच्या जागा कुणी मोजत नाही.

आणि आता तर मुलीही खांबावर चढतात. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, पुढे खेलो इंडियातही हा खेळ आला. माझी भाची दोरीचा मल्लखांब शिकते. तिला खांबही करायचाय, आणि नेमका आत्ताच तो मिस्त्रीकडे जाणार!

काकांशी बरीच हुज्जत घातली. मशिनं नकोत असं नाही म्हटलं मी, ती भिंतीकडे लावा म्हटलं. शेवटी, "बरं, मिटिंगीत पाहू," म्हणाले. खड्डा तेवढा तात्पुरता बुजवलाय. मिटिंग रविवारी आहे. आजवर तिथे एकही बाई गेलेली नाही. या वेळी वहिनी आणि गल्लीतल्या सातआठ जणी जाणार आहेत. भाचीला सोबत न्या, असं मी वहिनीला बजावून आलेय.