लोकांना आवडले म्हणून हलके ठरावे काय?

गणेशचतुर्थीला आपल्याकडे झाकरीचा फेर धरला, की एक गातो आणि बाकीचे झील धरतात. गाणारा कोण व ऐकणारा कोण, हा भेद मग उरत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही असेच घडते. धर्मोपदेशकाने हाक दिली, की सारा समाज टाळ्या वाजवून उत्तर देतो. हाच रंग जॅझ संगीतात उतरला, त्याला 'सोल जॅझ' म्हणतात.

या प्रकारातील एक गाजलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे 'मर्सी, मर्सी, मर्सी!'. मर्सी म्हणजे दया. सॅक्सोफोनवादक ज्यूलियन 'कॅननबॉल' ॲडर्ली यांची ही तबकडी. त्यांचा जन्म १९२८ साली फ्लोरिडात झाला. आधी ते शाळेत वाद्यवृंद शिकवीत. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि नावारूपास आले.

तबकडीवर छापले होते की, हा कार्यक्रम शिकागोच्या 'द क्लब'मध्ये झाला. खरे पाहता ऑक्टोबर १९६६ मध्ये हॉलिवुडच्या कॅपिटॉल स्टुडिओत पाहुणे बोलावून, त्यांना पेये देऊन हे मुद्रण झाले. क्लबचालक स्नेह्याची प्रसिद्धी व्हावी, हा हेतू! मुख्य धून व्हिएन्नाहून आलेल्या जो झाविनुल यांची. ती वाजविण्यापूर्वी ॲडर्ली संकटकाळाविषयी चार शब्द बोलतात, मग विजेवर चालणारा पियानो सुरू होतो आणि श्रोते मधूनमधून दाद देतात.

ही धून १९६७ मध्ये 'बिलबोर्ड'च्या यादीत अकराव्या क्रमांकावर पोहोचली. ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. तरी काही जाणकारांनी नाक मुरडलेच. १९५९ साली माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू'त वाजविणाऱ्या कलावंताने असे सोपे, बाजारी काही करावे, हे त्यांना रुचले नाही.

आम्हांस वाटते, छापलेला पत्ता खोटा होता, हा दोष खराच. पण त्या टाळ्या खऱ्या होत्या. चार सुरांत माणसांना एकत्र बांधणे सोपे नसते. ॲडर्ली १९७५ मध्ये अवघ्या ४६व्या वर्षी गेले. धून मात्र आजही वाजते.

आपल्यातही झाकरीला गावंढळ म्हणणारे भेटतात. त्यांना आमची एकच विनंती: पुढच्या चतुर्थीला खुर्चीवर बसून पाहू नका. फेरात या, झील धरा, आणि मग मत सांगा.