जॉर्ज क्रॉस : रणांगणापलीकडील शौर्याचा मान

लंडनवर बाँबवर्षाव चालू असता, सप्टेंबर १९४० मध्ये, ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांनी ‘जॉर्ज क्रॉस’ सुरू केला. शत्रूशी समोरासमोर लढणाऱ्यांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस होताच. ढिगाऱ्यात शिरणाऱ्या नागरिकासाठी त्या तोडीचे काही नव्हते. पहिले मानकरी थॉमस अल्डरसन यांनी ब्रिडलिंग्टन येथे कोसळलेल्या घरांखाली अडकलेल्यांना बाहेर काढले. सैनिकही यास पात्र असतात. मद्रास सॅपर्सचे सुभेदार सुब्रमण्यन यांनी २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीत सुरुंगावर स्वतःला झोकून देऊन सहकाऱ्यांचे प्राण वाचविले. शत्रुव्याप्त पॅरिसमधून गुप्तपणे बिनतारी संदेश पाठविणाऱ्या नूर इनायत खान यांना त्याच वर्षी दाखाऊ छळछावणीत ठार करण्यात आले. त्यांना हा सन्मान जाहीर झाला तो मात्र १९४९ मध्ये.