बॉनेट, बकरम आणि मी!

सोमवार ते शुक्रवार मी लंडनच्या एका ऑफिसात एक्सेल शीटमध्ये डोकं खुपसून बसलेली असते. आणि वीकेण्डला? थेट १८४५ सालात! दचकू नका. मला व्हिक्टोरियन काळातले कपडे शिवायचं वेड लागलंय.

सुरुवात झाली साऊथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. काचेपलीकडचा झगा बघून सगळे 'हाऊ ब्युटिफुल' करत होते. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा : हा आतून शिवलाय कसा? उत्तर सापडलं जॅनेट अर्नोल्ड यांच्या 'पॅटर्न्स ऑफ फॅशन'मध्ये. या बाईंनी जुने, खरेखुरे कपडे मोजून त्यांचे जणू नकाशेच काढून ठेवलेत.

मग काय, धडाक्यात झगा शिवायला घेतला आणि पार फसले! हे कपडे आतून बाहेर शिवत जायचे असतात. आधी शेमीज, मग कॉर्सेट, त्यावर तीन-चार पेटीकोट. हे सगळं चढवून मापं घ्यायची, तेव्हा कुठे झगा. मी नेमकं उलटं केलं. सगळं उसवलं. आता आधी मांजरपाटाचा कच्चा झगा बेतते, मगच चांगल्या कापडाला कात्री लावते. त्या काळी शिवणयंत्र घरोघरी पोचलं नव्हतं, त्यामुळे टीपही हातानेच. साडेतीन मीटरचा घेर बारीक चुण्या घालून २८ इंची कमरेवर बसवायला तीन वीकेण्ड गेले. पण त्या तीन वीकेण्डमध्ये ऑफिसचं एकही मेल उघडलं नाही. बोला!

बॉनेटची गंमत वेगळीच. बकरम कापायचं, कडेला तार शिवायची, वर रेशीम, आत अस्तर, हनुवटीखाली रिबिन. १८४०च्या दशकातली बॉनेटं म्हणजे टांग्याच्या घोड्याची झापडंच. शेजारी कोण बसलंय हे बघायलाही अख्खं वळावं लागतं. पहिल्याच पिकनिकला पाऊस आला, बकरमची खळ भिजली आणि बॉनेटचा झाला ओला पापड!

तिथेच एका आजींनी गोड हसून विचारलं, "तू कोण झाली आहेस?" माझ्या गोऱ्या मैत्रिणींना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी गप्प.

घरी येऊन शोधाशोध केली. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९मध्ये ऑक्सफर्डला आल्या आणि १८९२मध्ये तिथली कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. फोटोत त्या साडीत दिसतात. म्हणजे राणीच्या इंग्लंडात आपल्या बायकाही होत्याच की!

आता नवा प्रोजेक्ट : १८९५च्या फॅशनचं, भल्यामोठ्या 'लेग ऑफ मटन' बाह्यांचं ब्लाउज, आणि त्यावर आईची नारायणपेठ. आईला फोनवर अर्धा तास समजावत होते. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे फुग्यांच्या बाह्यांचं पोलकं ना? मग असं सांग की! तुझ्या पणजीच्या फोटोत आहे बघ."

आता विचारू दे कुणीही, तू कोण म्हणून!