नदीकाठचा निवांत दिवस

दुपारची जेवणे आटोपतात, भांडी घासून पालथी पडतात आणि घरातली बाई जरा उंबऱ्याशी टेकते. एवढ्यात शेजारीण दारावरून जाता जाता विचारते, "काय ताई, आज निवांत?" ताई चोरी पकडल्यासारख्या दचकतात. "छे हो, तांदूळ निवडायला घ्यायचेच होते," असे म्हणत सूप पुढ्यात ओढतात. हा प्रसंग आम्ही लहानपणी आमच्या आईच्या बाबतीत पाहिला आणि आज आमच्या घरातही पाहतो. काही न करता बसणे म्हणजे गुन्हा, अशी समजूत आपल्या कष्टकरी घरांत खोलवर रुजली आहे. त्याला कारणही आहे. घटकाभर बसणे आपल्या मागच्या पिढ्यांना कधी परवडलेच नाही.

लेखकांचेही काहीसे असेच असते. एक पुस्तक छापून झाले की लोक लगेच विचारू लागतात, "आता नवीन काय?" दोन पुस्तकांच्या मधल्या काळात लेखक घरी बसलेला दिसला, चहाचा कप हातात घेऊन बाहेर पाहत असला, की याचे लेखन आटले असे लोक खुशाल धरून चालतात. त्या मधल्या दिवसांत काय घडू शकते, हे आज आम्ही एका थोर कादंबरीकार स्त्रीच्या उदाहरणावरून सांगणार आहोत. त्या म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन. दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. त्या समाजाच्या सुखदुःखाशी आपली ओळख जुनी आहे, तेव्हा मॉरिसनबाईंची ही गोष्ट आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

पहाटेची लेखिका

मॉरिसनबाईंचा जन्म १८ फेब्रुवारी १९३१ रोजी ओहायो राज्यातील लोरेन या कारखान्यांच्या गावी झाला. वडील वेल्डर होते. शाळकरी वयातच ही मुलगी शाळा सुटल्यावर एका गोऱ्या बाईच्या घरी साफसफाईला जाऊ लागली. दोन डॉलर मिळत. त्यातला एक ती आईच्या हाती ठेवी. काम जड होऊ लागले तेव्हा तिने वडिलांपाशी गाऱ्हाणे केले. वडिलांनी केलेला उपदेश बाईंनी २०१७ साली एका छोट्या लेखात नोंदवला आहे. त्याचा मथितार्थ असा, की कामाची जागा हे आपले आयुष्य नव्हे. काम चोख करावे, दाम घ्यावा आणि आपल्या माणसांत परत यावे. घर म्हणजे काय, हे त्या मुलीला इतक्या लवकर कळले.

पुढे त्या हॉवर्ड विद्यापीठात शिकल्या आणि १९५५ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या एम. ए. झाल्या. १९५८ साली लग्न झाले, १९६४ साली घटस्फोट झाला. दोन लहान मुलगे पदरात होते. १९६५ पासून त्या रँडम हाऊस या मोठ्या प्रकाशन संस्थेत संपादकाचे काम करू लागल्या. मुहम्मद अली आणि अँजेला डेव्हिस यांच्या आत्मचरित्रांचे संपादन त्यांनीच केले. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तके नीट करायची, घरी येऊन स्वयंपाकपाणी आणि मुलांचा अभ्यास पाहायचा, असा दिनक्रम होता. मग स्वतःचे लेखन कधी? तर मुले झोपल्यावर, नाहीतर पहाटे मुले उठून "आई" अशी हाक मारण्याच्या आत. पिवळ्या कागदांच्या वहीत पेन्सिलीने त्या लिहीत. मुले मोठी झाली तरी पहाटेची सवय सुटली नाही. अंधारात उठायचे, कॉफी करायची आणि उजाडताना पाहत बसायचे, मग लिहायला घ्यायचे, हा त्यांचा परिपाठच झाला.

अशा रीतीने 'द ब्लूएस्ट आय' (१९७०), 'सुला' (१९७३), 'साँग ऑफ सॉलोमन' (१९७७) आणि 'टार बेबी' (१९८१) या चार कादंबऱ्या तयार झाल्या. चारही कादंबऱ्या नोकरी सांभाळून लिहिलेल्या.

छातीत धडधड कशाची?

१९८३ साली त्यांनी ती नोकरी सोडली. आता रॉयल्टीच्या पैशावर जगायचे आणि फक्त लिहायचे, असे ठरविले. न्यूयॉर्क शहराच्या वरच्या अंगाला हडसन नदीच्या काठी त्यांचे घर होते. घरासमोर पाण्यात पुढे गेलेला एक धक्का होता. नोकरी सुटून चार दिवस झाले असतील नसतील, त्या धक्क्यावर येऊन बसल्या. कचेरी गाठायची नव्हती, कोणाचे हस्तलिखित तपासायचे नव्हते. मुलेही आता मोठी झाली होती. वाटले होते की मन शांत होईल. पण झाले उलटेच. मन अस्वस्थ झाले, छातीत धडधडू लागले. काही विसरले का, कोणाचे काही बिघडले का, कसली चिंता आहे, असा मनाशी शोध घेतला. नवे संकट काहीच सापडेना. भीती कशी असते ते त्यांना ठाऊक होते, ही भीती नव्हती. घराकडे परत येऊन विचार करताना एकदम उलगडा झाला. ही धडधड आनंदाची होती! आयुष्यात पहिल्यांदाच त्या इतक्या मोकळ्या झाल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या त्या विदुषीला हे सुख चटकन ओळखूच आले नाही.

हे सारे त्यांनी 'बिलव्हेड' या आपल्या कादंबरीच्या २००४ सालच्या आवृत्तीला जोडलेल्या प्रास्ताविकात सांगितले आहे. आमच्या मते ही गोष्ट प्रत्येक घरात वाचून दाखवावी अशी आहे. उंबऱ्याशी टेकलेल्या ताई दचकतात आणि जगप्रसिद्ध लेखिकेची छाती धडधडते, यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या घड्याळावर दिवस काढले, त्याला स्वतःचा वेळ हाती आला की आधी धास्तीच वाटते.

पाण्यातून आलेली बाई

पण खरी गोष्ट यापुढे आहे. आपण मोकळ्या झालो, पण बाईमाणसाचे मोकळे होणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. त्या काळी अमेरिकेत लग्न करावे की नाही, मूल होऊ द्यावे की नाही हे स्त्रीने स्वतः ठरवावे, समान कामाला समान वेतन मिळावे, अशा चर्चा चालू होत्या. बाईंचे मन त्यांवरून आपल्या गुलाम आज्यापणज्यांकडे गेले. गुलाम स्त्रीला कायद्याने लग्न नव्हते. मुले तिने जन्माला घालायची, पण ती तिची नसत. ती मालकाची मालमत्ता. मालक त्यांना केव्हाही विकू शके.

इथे एक जुने कात्रण आठवले. बाईंनी १९७४ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे 'द ब्लॅक बुक' हे पुस्तक प्रकाशन संस्थेतर्फे काढले होते. त्या कामात १८५६ सालची एक बातमी त्यांच्या नजरेखालून गेली होती. मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री जानेवारी १८५६ मध्ये आपल्या कुटुंबासह केंटकीतून पळाली. ओहायो नदी गोठली होती, तिच्यावरून चालत ती माणसे सिनसिनाटीला पोहोचली. पण मागावरच्या लोकांनी घर वेढले. मुले पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून या आईने आपल्या तान्ह्यापेक्षा थोड्या मोठ्या, दोन वर्षांच्या मुलीचा स्वतःच्या हाताने जीव घेतला. दुसऱ्या मुलांनाही ती मारणार होती, पण तिला अडविण्यात आले. कायद्यापुढे मुख्य प्रश्न खुनाचा राहिला नाही, ही मालमत्ता कोणाची एवढाच राहिला. तिला परत मालकाकडे धाडण्यात आले.

हे कात्रण बाईंकडे जवळपास नऊ वर्षे होते. कादंबरीचे बीज हाताशी होते, पण ते रुजायला लागणारी फुरसत नव्हती. ती त्या नदीकाठी मिळाली. घराच्या ओसरीवर झोपाळ्यात बसून त्या पाण्याकडे पाहत होत्या. काठाला लाटा अडविण्यासाठी रचलेले मोठमोठे दगड होते. पाण्यातून एक टोपी घातलेली तरुण स्त्री बाहेर आली, दगड चढून वर आली आणि झाडाखालच्या मांडवीला टेकून उभी राहिली. ही अर्थात डोळ्यांपुढे उभी राहिलेली कल्पना. पण हीच 'बिलव्हेड', मेलेल्या लेकीचे परत आलेले रूप. १९८७ साली कादंबरी प्रसिद्ध झाली, १९८८ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९९३ साली मॉरिसनबाई नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

त्यांची फुरसत काही कायमची टिकली नाही. १९८४ साली त्या पुन्हा नोकरीला लागल्या, आल्बनीच्या विद्यापीठात शिकवू लागल्या. नोबेल मिळाले त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, नदीकाठचे ते घर आगीत जळाले. त्यांनी ते पुन्हा बांधले. ५ ऑगस्ट २०१९ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

फुरसत कोणाची?

याच हडसन नदीपासून जवळ, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले. त्यांच्या अखंड अभ्यासाची आठवण म्हणून आपली मुले अठरा अठरा तास अभ्यासाला बसतात आणि ते योग्यच आहे. पण बाबासाहेबांचा दुसराही एक विचार आपण ध्यानात घ्यावा. काँग्रेसने आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झाडाझडती घेणाऱ्या १९४५ सालच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी फुरसतीची बाजू ठामपणे मांडली. नुसते पोटासाठी राबणे हे जनावराचे जिणे आहे, फुरसत असेल तरच माणूस संस्कृती घडवू शकतो, म्हणून यंत्रे हवीत आणि लोकशाही समाजाने फुरसतीचे जीवन प्रत्येक नागरिकाला मिळवून दिले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. याचा अर्थ, फुरसत ही चैन नव्हे. तो आपला हक्क आहे.

हा हक्क घरात कोणाला मिळतो, हे मात्र आपण आपल्याला विचारावे. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटेसे दुकान चालवीत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तिथेच बसून लिहीत आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवीत. त्यातून १९८६ साली 'जिणं आमुचं' हे आत्मकथन पुस्तकरूपाने आले. अशा चोरून मिळविलेल्या वेळेत बेबीताईंनी एवढे मोठे काम केले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांना लपवावे लागले, याची खंतही वाटायला हवी. ज्यांना गल्ल्यामागचा तेवढा वेळही मिळाला नाही, अशा किती माउल्यांच्या गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या!

सगळ्यांच्या घरासमोर नदी नसते. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, हे आम्ही जाणतो. तरीही दुपारचा एक तास घरातल्या बाईला तिचा म्हणून देता येतो. त्या तासात ती वाचील, लिहील किंवा नुसती बसून राहील. त्याचा हिशेब मागू नये. उद्या उंबऱ्याशी टेकलेल्या ताई दचकून सूप ओढू लागल्या, तर घरातल्या कोणीतरी ते हळूच आपल्याकडे घ्यावे. तांदूळ पुरुषांनाही निवडता येतात.