आजीच्या न्हाणीतला आधार

गेल्या पावसाळ्यात भूमच्या आमच्या घरी आजी न्हाणीत घसरली. सावरताना तिने टॉवेलची दांडी धरली. ती भिंतीतून उपटूनच आली. वडिलांनी घाईने कमोडची खुर्ची आणली, तर बसल्यावर आजीचे पाय लोंबकळू लागले! खुर्ची १८ इंच, आजी गुडघ्यापर्यंत जेमतेम १५. आधी माणूस मोजावा, मग वस्तू घ्यावी, हे आम्हांला उशिरा सुचले. तळवे जमिनीला पूर्ण टेकले तरच उठताना जोर मिळतो. म्हणून पाय कमी-जास्त होणारी, रबरी टोप्यांची खुर्ची बदलून घेतली. नवी दांडी गवंड्याने पक्क्या भिंतीत रोवली, आजीच्या धडक्या हाताच्या बाजूला. दारही बाहेर उघडणारे केले. आत कोणी पडले तर ते अडत नाही. आता पहाटे आजी आईला उठवत नाही.