वाटेला सोबत हवी

पहाटे पणजीच्या बाजारात बेळगावची भाजी उतरते, तेव्हा शहर अजून जागे व्हायचे असते. आठ-नऊ वाजता आपण पिशवी घेऊन जातो, कोबी दाबून पाहतो, वाढलेल्या भावाबद्दल विक्रेत्याशी दोन शब्द करतो आणि घरी परततो. ही भाजी रात्रभर घाट उतरून कोणी आणली, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. औषधांच्या दुकानातील गोळ्या, मुलांच्या वह्या, घरावरचे पत्रे, चतुर्थीच्या आदल्या दिवशीची सफरचंदे, या सर्वांच्या बाबतीत तेच. गोमंतकाच्या संसाराचा मोठा भाग घाटावरून खाली येतो आणि येथे तयार होणारा माल त्याच वाटेने वर जातो. या येण्याजाण्यात चाकामागे बसलेला जो माणूस असतो, त्याच्यासंबंधी, आणि विशेषतः जो नुकताच त्या आसनावर बसला आहे त्याच्यासंबंधी, आज चार शब्द लिहावेत असे आम्हास वाटते.

त्यास निमित्त घडले ते असे. सांगे तालुक्यातील एक तरुण परवा आमच्या कार्यालयात येऊन गेला. त्याचे वडील खनिजाचा ट्रक चालवीत. खाणीपासून धक्क्यापर्यंत दिवसाकाठी ठरलेल्या फेऱ्या, धूळ भरपूर, पण रात्रीचे जेवण घरी, हा त्या घराचा क्रम. २०१२ मध्ये खाणी प्रथम बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्दबातल ठरविल्यानंतर मार्चच्या मध्यापासून पुन्हा थांबल्या. त्या दुसऱ्या तडाख्यात वडिलांचा टिपर विकला गेला. मुलगा तेव्हा नुकता विशीत होता. पुढे लिलाव होऊन काही खाणी सुरू झाल्या, परंतु विकलेला ट्रक परत आला नाही. काही वर्षे मिळेल ते काम केल्यावर, जड वाहनाचा परवाना खिशात होता म्हणून, तो एका छोट्या हुंडेकऱ्याकडे लांब पल्ल्याच्या गाडीवर चालक म्हणून लागला. पहिलाच माल वेर्ण्याहून इंदूरला जायचा होता. अंतर हजार किलोमीटरांहून थोडे अधिक.

आपल्याला गाडी चालविता येते, अशी त्याची समजूत होती. ती खोटीही नव्हती. परंतु लांब पल्ल्याच्या धंद्यात चालविणे हे कामाचा अर्धाच भाग आहे, हे त्याला पहिल्या दिवशी, चाक फिरण्याआधीच कळले. सकाळी नऊला गाडी लावली. माल भरून झाला तो संध्याकाळी सहाला. त्या नऊ तासांत बसायला सावली नाही, शौचालय विचारले तर ते कामगारांसाठी आहे असे उत्तर, आणि हाक केव्हा येईल याचा नेम नसल्यामुळे डोळा मिटण्याचीही सोय नाही. अशा रीतीने दिवसभर न झोपलेला माणूस रात्रीच्या घाटासाठी तयार झाला.

सुदैवाने पहिल्या दोन फेऱ्यांना त्याच्याबरोबर निपाणीकडचे एक वयस्क चालक होते. तो त्यांना मामा म्हणे. मामांनी त्याला ताडपत्रीची दोरी कशी आवळावी, दर थांब्यावर लोखंडी गजाने टायर ठोकून आवाजावरून हवा कशी ओळखावी, डिझेलची टाकी कोणत्या बाजूला ठेवून गाडी उभी करावी म्हणजे रात्री कोणी ती रिकामी करणार नाही, हे सारे शिकविले. अनमोडचा घाट चढताना त्यांनी त्याला घाई करू दिली नाही. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी असा नियम आहे खरा, परंतु समोरच्याला तो ठाऊक असेलच असे धरून चालू नये, हेही सांगितले. आणि पुण्याजवळ कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे जाणारा तो लांब उतार लागला तेव्हा ते म्हणाले, “पोरा, हा चढ ज्या गिअरात चढला असतास, त्याच गिअरात उतर. ब्रेक हा शेवटचा उपाय.”

या एका वाक्यात किती जणांचे प्राण आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. भरलेला ट्रक एका लिटरात जेमतेम तीन-चार किलोमीटर जातो. अनेक मालक चालकाला डिझेलचे पैसे फेरीमागे ठोक देतात. वाचेल ते चालकाचे. साहजिकच उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडण्याचा मोह होतो. परंतु गिअर सुटला की इंजिनाची ओढ सुटते आणि साऱ्या मालाचा भार एकट्या ब्रेकवर येतो. पुन्हा पुन्हा दाबलेला ब्रेक तापतो, जळका वास येतो आणि अखेरीस पाय दाबूनही गाडी थांबत नाही. नवले पुलावरील अपघातांनंतर ‘ब्रेक निकामी’ एवढे दोन शब्द वृत्तपत्रांत छापून येतात, आमच्याही पत्रात येतात. त्या दोन शब्दांमागे पुष्कळदा वाचविलेले पाच-सहाशे रुपयांचे डिझेल असते आणि शेजारी बसून ‘तसे करू नकोस’ म्हणणारा कोणी नसतो.

तिसऱ्या फेरीला मामा नव्हते. दोन माणसांचा खर्च परवडत नाही, असे मालकाने सांगितले. तरुण एकटा निघाला. पहिली रात्र निभावली. दुसऱ्या रात्री नाशिक मागे टाकले, चांदवड गेले, मालेगाव गेले, आणि धुळ्याच्या अलीकडे, तीन-साडेतीनच्या सुमारास, तो चालता चालता झोपला. किती क्षण, ते त्याला सांगता येत नाही. चाके रस्त्याची कड सोडून खडीवर गेली, त्या खडखडाटाने तो जागा झाला. पुढे शंभर पावलांवर एक बंद पडलेला टेम्पो दिवे न लावता उभा होता. त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि उजाडेपर्यंत थरथरत बसून राहिला. सकाळी मालकाचा दूरध्वनी आला. गाडी चार तास एकाच जागी का, हे गाडीवरील यंत्राने त्यांना कळविले होते. कारण ऐकून घेतले गेले नाही. उशिराचे पैसे मात्र भत्त्यातून कापले गेले.

त्या दिवशी बिजासनचा घाट ओलांडून तो इंदूरला पोहोचला. गोदामातील वयस्क कारकून होळकरांच्या काळापासून तेथे रुजलेल्या एका मराठी घराण्यातले. कागदावर गोव्याचे नाव पाहून त्यांनी विचारले, “आपण गोव्याचे? एकटेच आलात इतक्या लांबून?” आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या डब्यातील दोन पोळ्या पुढे केल्या. हे सांगताना त्या तरुणाचा आवाज जड झाला. महिनाभरात आपल्याशी कोणी आदरार्थी बोललेले हे पहिलेच वाक्य, असे तो म्हणाला.

“एकटेच आलात?” आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म या दोन शब्दांत आहे. एकटा चालक ही रूढी फार जुनी नव्हे. पूर्वी घाटातून मीठ वर नेणारे आणि धान्य खाली आणणारे लमाणांचे तांडे एकटे कधी चालत नसत. ट्रकचा जमाना आला तेव्हाही प्रत्येक चालकाजवळ एक क्लीनर असे. तो चाके धुई, उतारावर दगड लावी, रात्री बडबड करून उस्तादाला जागे ठेवी, आणि पाच-सात वर्षांनी स्वतः चाकामागे बसे. शिव्या खात मिळालेले ते शिक्षण होते. त्यातील जाचाचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु नवख्याच्या हाती एकदम भरलेली गाडी आणि काळोखी वाट द्यायची नाही, एवढे शहाणपण त्या रीतीत निश्चित होते.

कायद्यानेही ते शहाणपण एके काळी मानले होते. राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर किमान दोन चालक असावेत आणि दुसऱ्याला पाठ टेकता यावी म्हणून चालकामागे पूर्ण रुंदीचे आसन असावे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत होते. हा नियम सर्रास मोडला जाई, हे खरे. परंतु मोडणाऱ्यांना वळण लावण्याऐवजी २०१८ मध्ये दोन चालकांची अटच काढून टाकण्यात आली. कामाच्या तासांची कथाही याहून वेगळी नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास, लांब पल्ल्यावर फार तर दहा, आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता, आणि देशातील बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. २०२० च्या श्रमसंहितेने तो कायदा आपल्यात सामावून घेतला. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि तिच्यात पाचाच्या जागी दहा कामगारांची अट आहे. म्हणजे छोट्या मालकाचा एकटा चालक निरीक्षकाच्या नजरेपासून आणखीच दूर गेला.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे स्वागतार्ह आहे. मे महिन्यात खानदेशातून गेलेल्या माणसाला त्याची किंमत कळेल. उलट, अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद न्यायसंहितेत येताच जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे चालक रस्त्यावर उतरले आणि ते कलम स्थगित ठेवावे लागले. अपघातात सापडलेल्याला टाकून पळणे अमानुष आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु जमावाच्या भयाने पळणारा चालक आणि झोपेने हरलेला चालक यांचा विचार अपघाताच्या नंतरच का व्हावा? तो गाडी निघण्यापूर्वी का होऊ नये?

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. गाडीवर कर्ज, परतीच्या भाड्याची शाश्वती नाही, आणि दर ठरविणारा मोठा माल-मालक पलीकडे. ज्याच्याकडे एकच ट्रक आहे त्याला दुसरा चालक ठेवा म्हणणे सोपे, परंतु त्याचा पगार भाड्यातून निघाला पाहिजे. म्हणून आमची पहिली सूचना त्या माल-मालकांना आहे. नवा चालक पहिले वर्षभर आंतरराज्य वाटेवर अनुभवी सोबत्याशिवाय जाणार नाही, अशी अट त्यांनीच करारात घालावी आणि तिचा भार भाड्यात सोसावा. शासनाने ही अट, निदान नवख्यांपुरती, नियमांत परत आणावी.

दुसरी सूचना वेळेसंबंधी. ई-वे बिलाच्या नियमानुसार २०० किलोमीटरांना एक दिवस मिळतो. म्हणजे गोवा ते इंदूर या अंतराला सरकारी कागद सहा दिवस देतो. मालक दोन रात्री देतात. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे आणि कोणती गाडी कोणत्या टोलनाक्यावर केव्हा आली, याची नोंद आपोआप होते. चालक कोठे थांबला हे पाहण्यास जे तंत्र चालते, ते तो पुरेसा थांबला की नाही हे पाहण्यासही चालले पाहिजे.

तिसरी सूचना आम्हा गोमंतकीयांसाठीच आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींत आणि बंदरावर माल भरण्यासाठी येणाऱ्या चालकाला सावली, पाणी, शौचालय आणि चार तास आडवे होण्यास एक फळी, एवढे देण्यासाठी दिल्लीच्या परवानगीची आवश्यकता नाही. कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णे असे भरलेले ट्रक आगगाडीवर चढवून नेण्याची सोय केली, तेव्हा डिझेल वाचले, रस्ते वाचले आणि चालकांना घाटमाथ्यांवरील काही रात्री माफ झाल्या. मनात आणले तर या किनाऱ्यावर अशा गोष्टी होऊ शकतात.

तो तरुण पुन्हा गाडीवर गेला आहे. घरचा हप्ता चुकवायचा असेल तर दुसरा मार्ग नाही, असे त्याने सांगितले. जाताना आम्ही त्याला विचारले, या खेपेस कोणी बरोबर आहे का? तो हसला आणि म्हणाला, “मामांचा नंबर आहे. झोप आली की फोन करतो. ते शिव्या देतात, मग झोप जाते.” निपाणीत पहाटे तीन वाजता एक वृद्ध माणूस दुसऱ्याच्या मुलाला जागे ठेवण्यासाठी स्वतः जागा राहतो. जे काम नियमाने, व्यवस्थेने आणि आपण सर्वांनी करावयाचे, ते आज त्याच्या एकट्याच्या शिरावर आहे. ते तेथे किती दिवस राहू द्यायचे, याचा निर्णय आपण केला पाहिजे.